एक माणूस, एक पियानो: रोमँटिक काळातल्या संगीताच्या रिसायटलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत पियानो शिकवते. एखाद्या रिसायटलची तारीख जवळ आली की विद्यार्थ्यांचे आईबाबा, त्यांचे शेजारी, ओळखीतले गाणारे-वाजवणारे, सगळ्यांचे निरोप यायला लागतात. टाळी कधी वाजवायची, धाकट्याला आणू का, ‘ओपस’ म्हणजे काय. बरेचसे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. विचारणारे बहुतेक जण आपलं शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेले आहेत. जिथे खरंच उपयोग होतो तिथे त्याचाच आधार घेतला आहे.

१. रिसायटल म्हणजे काय? कॉन्सर्ट आणि रिसायटल यांत फरक काय?

कॉन्सर्ट म्हणजे संगीताचा कुठलाही जाहीर कार्यक्रम. रिसायटल म्हणजे एका कलाकाराने पेललेला अख्खा कार्यक्रम. गायक किंवा व्हायोलिनवादक असेल तर साथीला सहसा पियानो असतो. पियानोवादकाला तीही सोबत नसते. मंचावर एक वाद्य, एक बाक आणि एक माणूस.

आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण १८३० च्या दशकापर्यंत असा रिवाज नव्हता. पियानोवादकाने कार्यक्रम ठेवला की एखादी ऑपेरा गायिका, एखादा व्हायोलिनवादक, जमलं तर ऑर्केस्ट्रा, अशी पाहुणेमंडळी घ्यावीच लागत. हंगेरियन पियानोवादक आणि रचनाकार फ्रान्झ लिस्टने १८३९ मध्ये रोमला एकट्याने कार्यक्रम करून पाहिला. पुढच्या वर्षी, ९ जून १८४० रोजी, लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समधल्या त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत ‘रिसायटल्स’ हा शब्द छापला गेला. तो लोकांना विचित्र वाटला. रिसाइट करतात ती कविता, पियानोवर कविता कशी म्हणणार? मला तो शब्द फार नेमका वाटतो. कारण प्रश्न ७ मध्ये येईल.

२. रोमँटिक म्हणजे सगळी प्रेमाची गाणी का?

नाही. हे एका कालखंडाचं नाव आहे, साधारण १८२० ते १९००. त्यातले चार रचनाकार: मेंडेलसोन १८०९ मध्ये जन्मला, शोपाँ आणि शुमान १८१० मध्ये, लिस्ट १८११ मध्ये. तीन वर्षांत चौघे, आणि चौघांनीही पियानोचं रूप बदलून टाकलं. त्यांच्या संगीतात प्रेम आहेच, पण कविता, लोककथा, रात्र, मृत्यू आणि हरवलेलं घरही आहे.

शोपाँचंच बघा. २ नोव्हेंबर १८३० ला विशीतल्या या मुलाने वॉर्सा सोडलं. तो महिना संपायच्या आत पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला आणि पुढे चिरडलाही गेला. शोपाँ परत कधीच मायदेशी गेला नाही. माझुर्का हा पोलिश खेड्यांतला तीन मात्रांचा नाच. आयुष्यभरात त्याने पन्नासहून जास्त माझुर्का लिहिल्या, त्यातल्या बहुतेक पॅरिसला स्थायिक झाल्यावर. १८४९ मध्ये तो गेला तेव्हा देह पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ठेवला गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे बहिणीने हृदय वॉर्साला नेलं. तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ते आजही आहे. माझुर्का ऐकताना हे ठाऊक असलं की त्या नाचात थबकल्यासारखी जी जागा येते, ती वेगळी ऐकू येते.

३. मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही. येऊ का? काही तयारी करावी लागेल?

जरूर या. स्वरलिपी वाचता येण्याची अजिबात गरज नाही. एकच तयारी सुचवेन: कार्यक्रमातली एखादी रचना आधी दोनदा ऐका. सगळा कार्यक्रम नको, एकच रचना. अनोळखी संगीतात मनाला धरायला काहीतरी ओळखीचं लागतं. बंदिश माहीत असली की आलापात आपण हरवत नाही, तसंच आहे हे.

कार्यक्रम अजून ठरला नसेल तर शोपाँचा पहिला बॅलाड ऐका, नऊ-दहा मिनिटांचा आहे (बॅलाड, ओपस या शब्दांचे अर्थ प्रश्न ५ मध्ये). किंवा जर्मन रचनाकार ब्राम्सचं ओपस ११८ मधलं दुसरं इंटरमेझो, म्हणजे पियानोसाठी लिहिलेली छोटी रचना. साठीच्या ब्राम्सने लिहिलेलं ते सहा मिनिटांचं संगीत मी रात्री घर शांत झाल्यावर सर्वांत जास्त वेळा वाजवलं असेल.

४. असे कार्यक्रम कुठे ऐकायला मिळतात?

मुंबईत मुख्यतः नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), शिवाय २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये. पुण्यात कॅम्पातला माझदा हॉल. गोव्यात तर हे संगीत चर्च आणि घरातून पिढ्यान् पिढ्या आलेलं आहे. मुंबईतही ते टिकवलं ते बरंचसं गोवेकर आणि पारशी कुटुंबांनी. परदेशात असाल तर लंडनचा विगमोर हॉल चुकवू नका. १९०१ पासून तिथे रिसायटल होतात, साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या आहेत आणि मागच्या रांगेतही प्रत्येक सूर पोचतो. उन्हाळ्यात वॉर्साला गेलात तर रविवारी लाझिएन्की बागेत शोपाँच्या पुतळ्याजवळ उघड्यावर वादन असतं, विनामूल्य. लोक गवतावर बसून ऐकतात.

५. कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची? ‘बॅलाड नंबर १, जी मायनर, ओपस २३’ यात रचनेचं नाव कुठलं?

‘बॅलाड’ हा प्रकार झाला, जसा ठुमरी किंवा तराणा. ‘नंबर १’ म्हणजे त्या प्रकारातली पहिली. ‘जी’ हा षड्ज, हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच. ‘मायनर’ म्हणजे कोमल गंधाराकडे झुकलेलं स्वरसप्तक, ‘मेजर’ म्हणजे शुद्ध गंधाराचं. मात्र रचना पुढे सरकते तसा षड्ज बदलत जातो आणि शेवटी बहुधा घरी परततो. हे आपल्याकडे होत नाही, त्यामुळे सुरुवातीला गोंधळायला होतं.

‘ओपस’ हा प्रकाशनाचा क्रमांक. तो रचनेच्या वयाचा पुरावा नव्हे. शोपाँची फँटसी-इम्प्रॉम्प्ट्यू ओपस ६६ म्हणून ओळखली जाते, पण ती त्याने ऐन पंचविशीत लिहिली होती. अप्रकाशित हस्तलिखितं जाळून टाका असं तो सांगून गेला होता. तरी ती त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये छापली गेली, म्हणून आकडा मोठा.

बाकी नावं थोडक्यात: नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं गीत, एत्यूद म्हणजे बोटांची एखादी अडचण घेऊन लिहिलेला अभ्यास, प्रेल्यूद म्हणजे छोटी स्वतंत्र रचना, सोनाटा म्हणजे तीन-चार भागांचं मोठं काम.

६. कुठल्या खुर्चीवर बसावं? आणि वादक आपल्याकडे तोंड करून का बसत नाही?

वादक आडवा बसतो, त्याचा उजवा खांदा श्रोत्यांकडे असतो. पियानोचं झाकण फक्त उजव्या बाजूने उघडतं, म्हणजे ते उचललं की आवाज त्यावर आपटून थेट सभागृहात येतो. वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसला तर आवाज भलत्याच बाजूला जाईल.

हात बघायचे असतील तर मंचाकडे तोंड केल्यावर मध्यापासून थोडं डावीकडे बसा. फक्त ऐकायचं असेल तर मध्य किंवा थोडं उजवीकडे, आणि अगदी पहिल्या रांगा टाळा, तिथे आवाज डोक्यावरून निघून जातो. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी डावीकडचीच जागा घ्यायला सांगते. हात कसे पडतात हे एकदा पाहिलं की पुढच्या वेळी डोळे मिटूनही ते दिसतात.

७. पियानोवर मींड येत नाही, सूर लांबवता येत नाही. मग लोक ‘पियानो गातो’ असं का म्हणतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा गाणाऱ्यांकडून येतो आणि माझा सर्वांत आवडता आहे.

आधी शंका खरी आहे हे मान्य करू. पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. पट्टी दाबली की नमदा लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणी मागे येते. त्यानंतर त्या सुरावर वादकाचा काहीच ताबा उरत नाही. तो फुगवता येत नाही, हलवता येत नाही, एका सुरातून दुसऱ्यात सरकता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विरायला लागतो. आणि बारा सूर समान अंतरावर बांधलेले, म्हणजे श्रुतींनाही वाव नाही. याच दोन कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. निदान हार्मोनियमचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा तोही नाही.

रोमँटिक काळातली पियानोची सगळी कला या उणिवेशी झगडण्यातून आली, असं मला मनापासून वाटतं. शोपाँ विद्यार्थ्यांना सांगायचा, ऑपेरातल्या उत्तम गायकांना जाऊन ऐका, स्वतः गायला शिका. पियानो वाजवायला गाणं शिका!

त्याचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न, ओपस ९ मधलं दुसरं, घ्या. उजव्या हाताला एकच सूरावली. पहिला सूर वाजतो आणि लगेच पुढचा त्याच्यापासून बराच वर उडी घेतो. गाणाऱ्याने तिथे आवाज लावला असता, सुरावर गेला असता. वादक काय करतो? पहिला सूर जितका विरलाय तितक्याच वजनाने पुढचा सुरू करायचा प्रयत्न करतो, म्हणजे कानाला सांधा जाणवत नाही. खाली डावा हात एक खर्ज आणि दोन कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) असं झुलत राहतो, पण त्याला कायम दबून राहावं लागतं. त्या दबलेल्या आवाजाचा पडदा मागे असला की वरचा विरत जाणारा सूर विरलाच नाही असं वाटतं. आणि तीच ओळ परत आली की प्रत्येक वेळी नवी नक्षी घेऊन येते, जशी ठुमरीत एकच ओळ वेगवेगळ्या अंगाने मांडतात.

माझी एक विद्यार्थिनी गाणं शिकून मग पियानोकडे वळली. या नॉक्टर्नची पहिली ओळ ती महिनाभर वाजवत होती. सूर बरोबर, लय बरोबर, तरी ओळ तुकड्यातुकड्यांत पडायची. एके दिवशी मी तिला हात मांडीवर ठेवून नुसतं गायला सांगितलं. तिने गायलं, वरच्या सुराआधी आपसूक किंचित श्वास घेतला. मग वाजवायला लागली तेव्हा तिचं मनगट नेमक्या त्याच जागी अर्धा इंच वर उचललं गेलं. तो श्वास होता. ओळ जुळली.

रिसायटल हा शब्द मला का पटतो तो यामुळे. वादक सभागृहासमोर एकटा बसून वाक्यं म्हणत असतो, श्वास घेत, थांबत.

८. पायाने काय चाललेलं असतं?

उजवं पेडल दाबलं की तारांवरचे सगळे दाबक उचलले जातात आणि वाजवलेले सूर हात काढल्यावरही रेंगाळतात. शिवाय न वाजवलेल्या ताराही तानपुऱ्यासारख्या सहज झंकारतात. वरच्या नॉक्टर्नमध्ये डावा हात खर्ज वाजवून लगेच वर पळतो, तरी खर्ज ऐकू येत राहतो तो पायामुळे. सुरांचं मिश्रण बदललं की पेडल सोडून पुन्हा घ्यायचं, नाहीतर सगळा चिखल होतो. चांगला वादक ते अर्धं, पाव असंही दाबतो, आणि कुठल्या सभागृहात किती हे कान ठरवतो.

डाव्या पेडलने हातोड्यांचा अख्खा संच बाजूला सरकतो, आवाज मऊ आणि झाकलेला होतो. मधलं पेडल ठरावीक सूर धरून ठेवतं. या संगीतात त्याची फारशी गरज पडत नाही.

९. वादक मध्येच हळू होतो, मध्येच धावतो. लय सुटते का?

लय सुटलेली नसते, ढळवलेली असते. या पद्धतीला रुबातो म्हणतात, शब्दशः ‘चोरलेला’ वेळ. शोपाँच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: डावा हात हा ऑर्केस्ट्राच्या संचालकासारखा, त्याने वेळ सांभाळायची. उजव्याने हवं तर रेंगाळावं, हवं तर पुढे जावं.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. विलंबित ख्यालात ठेका ठाम असतो आणि गायक त्यावर पसरत, मागे रेलत समेवर येतो. फरक इतकाच की इथे तबलजी आणि गायक एकाच माणसाचे दोन हात आहेत. मात्र आज पुष्कळदा दोन्ही हात मिळून लय ढळवतात, आणि लिस्ट किंवा रशियन रचनाकार राखमानिनोव यांच्या संगीतात ते शोभतंही. शोपाँमध्ये मला डावा हात ठाम असलेला जास्त भावतो.

१०. सगळं आधीच लिहिलेलं असतं ना? मग वादकाचं स्वतःचं काय?

सूर लिहिलेले असतात. पण ‘हळू’ म्हणजे किती हळू, दहा सुरांच्या कॉर्डमध्ये कुठला सूर वर काढायचा, दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं, पेडल कुठे सोडायचं, यातलं काही कागदावर पुरेसं नसतं. एकच बॅलाड तीन वादकांकडून लागोपाठ ऐका, प्रश्न मिटेल.

शिवाय त्या काळी सूरसुद्धा इतके पक्के नव्हते. शोपाँ आणि लिस्ट दोघंही उत्स्फूर्त वादनासाठी नावाजलेले होते. प्रश्न ७ मधल्या नॉक्टर्नसाठी शोपाँने विद्यार्थ्यांच्या प्रतींमध्ये पेन्सिलने वेगवेगळी नक्षी लिहून दिली होती आणि काही वादक आज ती वाजवतात. रिसायटलमधली उत्स्फूर्तता पुढे कमी झाली, याचं मला वाईट वाटतं.

११. पाठ का वाजवतात? समोर कागद असेल तर तयारी कमी असं समजायचं का?

तसं समजू नका. पाठ वाजवण्याची प्रथा रुजवली ती मुख्यतः पियानोवादक क्लारा शुमान (रचनाकार शुमानची बायको) आणि लिस्टने. त्याआधी दुसऱ्याची रचना न बघता वाजवणं हा आगाऊपणा मानला जायचा, तरुण क्लारावर त्यावरून टीकाही झाली होती. पुढे काटा उलटा फिरला आणि कागद ठेवणं कमीपणाचं झालं. तरी स्वियातोस्लाव रिख्तरसारखा थोर वादक उतारवयात सभागृहात अंधार करून, फक्त कागदावर छोटा दिवा ठेवून वाजवायचा. आता पुष्कळ जण टॅब्लेट ठेवतात आणि पायाने पान उलटतात.

१२. लहान मुलांना आणू का? खोकला आला तर? मोबाइलवर थोडं रेकॉर्ड केलं तर चालेल?

सात-आठ वर्षांचं मूल मध्यंतरापर्यंत आरामात बसतं. कडेची जागा घ्या आणि कंटाळलं तर दोन रचनांच्या मध्ये बाहेर पडा. कार्यक्रमात शुमानची ‘किंडरझेनेन’, म्हणजे बालपणीची दृश्यं, असतील तर सोन्याहून पिवळं. १३ छोट्या रचना, बहुतेक एक-दोन मिनिटांच्या. एक खुलासा: त्या मुलांनी वाजवायच्या नाहीत, मोठ्या माणसाने बालपणाकडे वळून पाहिलेल्या आहेत. मुलांसाठी त्याने १८४८ मध्ये वेगळा संग्रह लिहिला, ओपस ६८, स्वतःच्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून.

खोकला रुमालात. गोळीचा कागद आधीच सोडून ठेवा, कारण हळू भागात तो कागद पियानोपेक्षा मोठा वाजतो. रेकॉर्डिंग नको. पडद्याचा उजेड मागच्या तीन रांगांना दिसतो.

१३. कार्यक्रमात सगळे पुरुषच का? बायकांनी काही लिहिलंच नाही का?

लिहिलं, भरपूर लिहिलं. फॅनी हेन्सेल ही फेलिक्स मेंडेलसोनची थोरली बहीण. तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली होती. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने बकिंगहॅम पॅलेसमध्ये फेलिक्ससमोर त्याचं म्हणून आवडतं गाणं गायलं, ‘इटालिएन’ (म्हणजे इटली), आणि ते बहिणीचं आहे हे त्याला कबूल करावं लागलं. फॅनीने १८४१ मध्ये बारा महिन्यांवर पियानोसाठी ‘दास यार’ ही मालिका लिहिली. ती पूर्ण वाजवली जात असेल तर दुसरं काही बघू नका, तिकीट काढा.

क्लारा शुमान नऊ वर्षांची असताना मंचावर आली आणि सत्तरी ओलांडेपर्यंत वाजवत राहिली. मध्ये आठ बाळंतपणं, नवऱ्याचं आजारपण, मग वैधव्य आणि घर चालवण्यासाठी सतत दौरे. तिच्या स्वतःच्या रचनांना कार्यक्रमांत आता कुठे जागा मिळू लागली आहे. आयोजकांना विचारत राहा, विचारल्याने फरक पडतो.

१४. ‘शूबर्ट-लिस्ट’ असं जोडनाव का? आणि १९४३ मध्ये वारलेला राखमानिनोव रोमँटिक कसा?

पहिल्याचं उत्तर: मूळ गाणं ऑस्ट्रियन रचनाकार शूबर्टचं, ते आवाज आणि साथ दोन्हीसकट एकट्या पियानोवर आणलं लिस्टने. रेडिओ नव्हता, रेकॉर्ड नव्हत्या. दूरच्या गावातल्या लोकांना ही गाणी आणि ऑपेरातले प्रवेश ऐकायला मिळाले ते अशाच रूपांतरांतून. त्यातलं ‘एर्लक्योनिग’ हे गाणं वाजत असेल तर लक्ष द्या: घोड्याच्या टापा, बाप, मूल आणि मृत्यूचा राजा, सगळे दोनच हातांत.

दुसऱ्याचं: राखमानिनोवचा जन्म १८७३ चा. घडण १९ व्या शतकातली आणि ती भाषा त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. शतक संपलं म्हणून शैली संपत नाही. उलट बेटहोवन काळाने आधीचा, तरी त्याच्या शेवटच्या सोनाटांमधून पुढच्यांनी इतकं उचललं की अशा कार्यक्रमाची सुरुवात अनेकदा त्याच्यापासून होते.

१५. पावसाळ्यात पियानो बेसूर का वाटतो?

कारण तो खरंच बेसूर झालेला असतो. तारांखाली स्प्रूसच्या लाकडाचा पातळ फळा असतो, तोच आवाज मोठा करतो. दमट हवेत लाकूड फुगतं, फळा वर येतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. तोही सगळीकडे सारखा नाही. मधल्या भागात जास्त, टोकांना कमी, म्हणून पियानो स्वतःशीच भांडायला लागतो.

मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत की सूर वाँव-वाँव असा हलतो. तानपुऱ्याची जोड उतरल्यावर जे ऐकू येतं तेच. जुलैमधल्या एका रिसायटलला मी वरच्या भागातला एक सूर पहिल्या नॉक्टर्नपासून असा हलताना ऐकत होते. सभागृहाने वातानुकूलन कार्यक्रमाच्या जेमतेम तासभर आधी सुरू केलं होतं. मध्यंतरात ट्यूनर आला, रबराच्या पाचरींनी दोन तारा बंद केल्या, तिसरी जुळवली, मग एकेक पाचर काढत गेला. दहा मिनिटांचं काम, पण उत्तरार्धात तोच सूर घंटेसारखा वाजला. म्हणून मध्यंतरात मंचावर कुणी टणटण करताना दिसलं तर वैतागू नका.

१६. ‘वन्स मोअर’ मागावा का?

नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्याला हे शिकवायला नको. पण इथे ओरडून मागत नाहीत, टाळ्या थांबवत नाहीत. वादक दोन-तीनदा येऊन झुकतो आणि मग बसतो. त्याच रचनेची फर्माईश नसते, तो स्वतःच्या मनाने वेगळी छोटी रचना वाजवतो.

पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ सहा दशकांनंतर मायदेशी परतला आणि एप्रिल १९८६ मध्ये त्याने मॉस्कोत वाजवलं. तेव्हाच्या जादा रचनांमध्ये ‘किंडरझेनेन’मधली सातवी, ‘ट्रॉयमराय’, होती. अवघी तीन मिनिटं, तांत्रिकदृष्ट्या कुठलाही नेटका विद्यार्थी वाजवू शकेल अशी. चित्रफितीत श्रोत्यांच्या गालांवर अश्रू दिसतात.

१७. टाळ्या नेमक्या कधी? मागच्या वेळी मी वाजवल्या आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधी मनातली लाज काढून टाका. १९ व्या शतकात लोक सोनाटाच्या भागांमध्ये खुशाल टाळ्या वाजवायचे, शांत बसण्याचा दंडक नंतरचा आहे. आजचा नियम असा: सोनाटा किंवा मालिका पूर्ण संपल्यावर टाळ्या, मधल्या भागांनंतर नाही. सुट्या रचनांचा गट असेल तर गटाच्या शेवटी. शंका असेल तर वादकाचे हात बघा. ते पट्ट्यांवर किंवा हवेत असतील तर संगीत अजून चालू आहे. मांडीवर आले किंवा तो उठला की संपलं. ‘वाहवा’ मध्येच देता येत नाही हे मलाही जड जातं, पण प्रश्न ७ मध्ये सांगितलेलं विरणं ऐकू यायला शांतता लागते.

आता फसव्या जागा, जिथे जाणकारही फसतात.

शोपाँचा चौथा बॅलाड: शेवटाकडे प्रचंड आवाजाचे कॉर्ड येतात आणि मग सगळं थांबतं. संपलं वाटतं. त्यानंतर काही लांब, दबके कॉर्ड आणि मग खरा शेवट, वादळासारखा.

शोपाँची दुसरी सोनाटा: तिसरा भाग प्रसिद्ध शवयात्रेची धून. त्यानंतर आणखी एक भाग आहे, जेमतेम दीड मिनिटाचा, दोन्ही हात एकच सूरावली कुजबुजत पळतात आणि एका कडाडणाऱ्या कॉर्डवर संपतं. शवयात्रेनंतर टाळ्या पडल्या की तो वाऱ्यासारखा भाग हातातून जातो.

शुमानची फँटसी, ओपस १७: दुसरा भाग विजययात्रेसारखा आहे, शेवटी दोन्ही हात विरुद्ध दिशांना उड्या मारतात. टाळ्यांसाठी हात शिवशिवतातच. पण तिसरा भाग बाकी आहे, संथ, आणि तो हळूच मिटतो.

ही फँटसी शुमानने लिस्टला अर्पण केली होती. लिस्टने उलट आपली बी मायनर सोनाटा शुमानला अर्पण केली. ती १८५४ मध्ये छापून आली तेव्हा शुमान मनोरुग्णालयात होता. अर्धा तास सलग, भागांमध्ये खंड नाही, त्यामुळे मध्ये टाळीचा प्रश्नच येत नाही. प्रश्न येतो तो शेवटी. लिस्टने आधी दणदणीत शेवट लिहिला होता. हस्तलिखितात तो खोडलेला दिसतो आणि त्याजागी हे आहे: वरती अगदी हळू कॉर्ड, आणि मग खाली, डाव्या हाताला, खर्जातला एकच आखूड सूर. तो वाजल्यावर वादक बहुधा हात उचलत नाही. ते हात मांडीवर येईपर्यंत थांबा.